फार्स लिहायचाय? मग ‘फॉल्टी टॉवर्स’चा हा एक एपिसोड वही घेऊन बघा

फार्स म्हणजे गैरसमज आणि गोंधळावर चालणारं विनोदी नाटक. तशा एकांकिका लिहिणाऱ्या खूप जणांचं एकच दुखणं असतं, डायलॉग मस्त जमलेले असतात, पहिल्या दहा मिनिटांत हशा पण येतो, आणि मग पंधराव्या मिनिटाला नाटक बसतं ते बसतंच. मग अजून जोक घाला, एखादं गाणं घाला, बायकी आवाजात बोलणारं कोणीतरी घाला असं सुरू होतं. मला मनापासून वाटतं की यावरचं औषध जोक वाढवणं हे नाहीच, औषध आहे ते गोष्टीचा सांगाडा शिकणं, आणि तो शिकायला ब्रिटिश टीव्हीवरचा एक अर्ध्या तासाचा एपिसोड पुरेसा आहे. ‘फॉल्टी टॉवर्स’ या मालिकेतला ‘कम्युनिकेशन प्रॉब्लेम्स’. तो कसा बघायचा, कितीदा बघायचा, बघताना काय लिहून काढायचं आणि मग त्यातून स्वतःचं काहीतरी कसं उभं करायचं, ते सगळं खाली लिहितोय. गोष्ट जवळजवळ पूर्ण उलगडणार आहे, त्यामुळे ज्यांनी एपिसोड बघितला नाही त्यांनी आधी एकदा बघून या, खरंच, अर्धा तासच लागतो.

ज्यांना मालिकाच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डेव्हनमध्ये टॉर्की नावाचं समुद्रकाठचं गाव आहे, सुट्टीला जायचं ठिकाण, तिथलं एक छोटं हॉटेल. मालक बासिल फॉल्टी म्हणजे जॉन क्लीज, त्याची बायको सिबिल म्हणजे प्रुनेला स्केल्स, पॉली ही वेट्रेस म्हणजे कॉनी बूथ, आणि बार्सिलोनाहून आलेला, इंग्रजी जेमतेम कळणारा वेटर मॅन्युएल म्हणजे अँड्र्यू सॅक्स. लिहिलंय क्लीज आणि बूथ या दोघांनी मिळून. पहिले सहा भाग 1975 ला बीबीसी टू वर आले, पुढचे सहा थेट 1979 ला, आणि बस, एकूण बाराच. मधल्या काळात दोघांचा घटस्फोट पण झाला तरी दुसरी सिरीज त्यांनी एकत्र बसून लिहिली. 2000 साली ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने शंभर सर्वोत्तम ब्रिटिश कार्यक्रमांची यादी केली त्यात बारा भागांची ही मालिका पहिल्या नंबरावर होती. बारा भाग! आपल्याकडे बारा भागांत सासूबाईंची ओळख पण संपत नाही.

आता बारांतला हाच भाग का. लोक सहसा ‘द जर्मन्स’पासून सुरुवात करतात कारण त्यातले तुकडे सगळीकडे फिरत असतात. तो धमाल आहेच, पण शिकायला नको, त्यात आग लागल्याची प्रॅक्टिस आहे, भिंतीवर लटकवायचं मूसचं (मोठ्या हरणासारख्या प्राण्याचं) मुंडकं आहे, डोक्याला मार आहे, मग जर्मन पाहुणे आहेत, म्हणजे बऱ्याच गोष्टी एकामागे एक येतात. शिवाय त्यातल्या मेजर नावाच्या म्हाताऱ्या पाहुण्याच्या तोंडी वंशद्वेषी शब्द आहेत, 2020 मध्ये एका स्ट्रीमिंग सेवेने तो भाग काही दिवस काढून टाकला होता आणि मग सूचना लावून परत आणला, त्यामुळे त्यावर बोलायचं तर वेगळं सविस्तर बोलायला लागेल. ‘कम्युनिकेशन प्रॉब्लेम्स’ हा 19 फेब्रुवारी 1979 ला आलेला, दुसऱ्या सिरीजचा पहिला भाग, आणि यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच दोरा आहे. पैसे. थोडेसे पैसे आणि ते कोणाचे आहेत हे सांगता न येणं. शिकणाऱ्याला एकच दोरा असलेली गोष्ट हवी, कारण तो बोटाने धरून मागे मागे जाता येतो.

पहिल्यांदा बघताना काही म्हणजे काही लिहू नका. वही लांब ठेवा, फोन उलटा ठेवा, शक्य असेल तर चार जणांबरोबर बघा. कुठे मोठ्याने हसलात तेवढंच लक्षात ठेवा. सबटायटल लावा, अगदी इंग्रजी चांगलं असलं तरी लावा, क्लीज चिडला की प्रचंड वेगाने बोलतो आणि 1979 चं रेकॉर्डिंग आहे.

पण बसायच्या आधी दोन-तीन गोष्टी माहीत असायला हव्यात, नाहीतर आपल्याला अर्धी गंमत कळत नाही.

एक म्हणजे घोड्यावर पैसे लावणं. बासिल एका पाहुण्याच्या टिपवरून, म्हणजे कुठला घोडा जिंकेल या खबरीवरून, ड्रॅगनफ्लाय नावाच्या घोड्यावर पैसे लावतो. आपल्याला वाटतं की काहीतरी चोरून मटका लावतोय, पोलिसांची भानगड आहे. तसं काहीच नाही, ब्रिटनमध्ये 1961 पासून रस्त्यावरची बेटिंगची दुकानं कायदेशीर आहेत, माणूस दुपारी जाऊन पावती घेऊन येतो. म्हणजे बासिलला भीती कायद्याची नाही, समाजाची नाही, फक्त आणि फक्त सिबिलची आहे, तिने जुगार बंद केलाय त्याचा. हे लक्षात ठेवलं की संपूर्ण एपिसोडचं वजन बदलतं. इतका मोठा गोंधळ, आणि त्याच्या मुळाशी धोका केवढा, तर बायको ओरडेल एवढाच.

दुसरं, रूम. मिसेस रिचर्ड्स ही पाहुणी आल्या आल्या सांगते की मी बाथरूमवाली, शांत आणि समुद्र दिसणारी रूम लेखी मागितली आहे. तेव्हाच्या छोट्या ब्रिटिश हॉटेलांत प्रत्येक रूमला स्वतःची बाथरूम असायचीच असं नाही, मजल्यावर एक सामायिक असायची, त्यामुळे ती जे मागतेय ते खास आहे, त्याचे जास्तीचे पैसे तिने भरलेत. जोन सँडरसनने हे काम केलंय, आणि काय केलंय! ती बाई एकदाही विनोद करत नाही. एकदाही नाही. तिला स्वतःला ती शंभर टक्के बरोबर वाटते.

तिसरं तिचं कानाचं मशीन. आताचं कानात लपणारं नाही, अंगावर लावायची डबी, तिला आवाज कमी-जास्त करायचं बटण. आणि ते मशीन ती चालूच करत नाही, कारण बॅटरी संपते.

आता दुसऱ्यांदा बघायला बसा, या वेळी वहीत तीन रकाने पाडा. पैसे आत्ता कोणाकडे आहेत, हे खरं कोणाला माहीत आहे, आणि बाकीच्यांना काय वाटतंय. दर वेळी पैसे हलले किंवा कोणी खोटं बोललं की पॉज करा आणि नवीन ओळ लिहा. कंटाळवाणं वाटेल, करा, हाच या सगळ्यातला सर्वात महत्त्वाचा भाग आहे.

तुमच्या वहीत साधारण असं येईल. पाहुणा घोड्याची टिप देतो. बासिल मॅन्युएलला बेटिंगच्या दुकानात पाठवतो. घोडा जिंकतो, पंच्याहत्तर पाउंड येतात. मग बासिल मॅन्युएलला बजावतो की तुला यातलं काही माहीत नाही, कोणी विचारलं तरी काही माहीत नाही. इकडे मिसेस रिचर्ड्स म्हणते की माझ्या रूममधून पंच्याऐंशी पाउंड चोरीला गेले. इथे थांबा आणि हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहा, 75 आणि 85. लेखकांनी हे किती विचार करून ठेवलंय बघा, रकमा इतक्या जवळच्या आहेत की कोणाच्याही हातात नोटा दिसल्या की संशय येणारच, पण सेम नाहीत, दहाचा फरक आहे, आणि तो दहाचा फरक शेवटी पुन्हा कामाला येतो. रकमा सारख्या असत्या तर योगायोग वाटला असता, खूप वेगळ्या असत्या तर संशयच आला नसता. दहा पाउंड. एवढ्याने गोष्ट चालते.

मग पैसे पॉलीच्या हातात दिसतात, तिच्यावर चोरीचा आळ येतो, आणि बासिलला वाचवायला ती म्हणते हे मी घोड्यावर जिंकले. सिबिल लगेच विचारते, घोड्याचं नाव काय? पॉलीला नाव माहीत नाही. बासिल सिबिलच्या पाठीमागे उभा राहून हातवारे करून ड्रॅगनफ्लाय हे नाव न बोलता सांगायचा प्रयत्न करतो आणि पॉली भलतीच नावं फेकत राहते. हा सीन तीनदा रिवाइंड करून बघा. मग बासिल पैसे मेजरकडे ठेवायला देतो. मेजर हे हॉटेलात कायम राहणारे निवृत्त गृहस्थ, बॅलार्ड बर्कली, स्वभावाने प्रेमळ, आणि सकाळी सांगितलेलं दुपारी विसरणारे. दुसऱ्या दिवशी बासिल विचारतो पैसे कुठे, मेजर विचारतात कुठले पैसे. आणि नेमके नको तेव्हा, सिबिल आणि मिसेस रिचर्ड्स दोघी समोर असताना, मेजर आनंदाने पैसे घेऊन येतात, सापडले म्हणून!

बासिल अडकला. आता त्याला एक साक्षीदार हवा जो मिसेस रिचर्ड्सला सांगेल की हे पैसे माझेच आहेत. एकच माणूस आहे, मॅन्युएल, त्यानेच तर पैसे लावले. बासिल त्याला विनवतो की बाबा सांग, खरं काय ते सांग. आणि मॅन्युएल छाती काढून, अभिमानाने, मालकाची आज्ञा पाळतो. मला काही माहीत नाही.

हे वाक्य जिथे पहिल्यांदा पेरलं ती ओळ तुमच्या वहीत शोधा आणि दोन ओळींना बाणाने जोडा. मधे किती मिनिटं गेली ते बघा. या मधल्या वेळात आपण ते विसरलेलो असतो, म्हणजे पूर्ण विसरलेलो नसतो, मागे कुठेतरी असतं, आणि मॅन्युएल तोंड उघडतो त्याच्या अर्धा सेकंद आधी आपल्याला आठवतं, आणि तो अर्धा सेकंदच सगळं आहे. प्रेक्षक पात्राच्या अर्धा सेकंद पुढे हवा. दहा सेकंद पुढे असेल तर कंटाळतो, मागे असेल तर गोंधळतो. नवशिके लेखक पेरतात आणि लगेच दोन मिनिटांत कापतात, धीर धरवत नाही, किंवा मग पेरतानाच ओरडून सांगतात की हे बघा हं मी पेरतोय. इथे पेरणी कशी केलीय तर ती स्वतःच एक विनोद आहे, मॅन्युएलला काय समजावलंय ते समजत नाहीये यावर आपण हसतो, आणि हसता हसता बी जमिनीत जातं, कोणाला पत्ता लागत नाही.

अजून असे बाण शोधा. मशीन बंद ठेवणं सुरुवातीला पेरलंय, पुढे बासिल आणि मॅन्युएल नुसते ओठ हलवतात, आवाजच काढत नाहीत, मग बाईंना वाटतं मशीन कमी आहे, त्या आवाज वाढवतात, वाढवतात, आणि मग बासिल मोठ्याने बोलतो. मेजरचं विसरणं तर सगळ्या मालिकेतच पेरलेलं आहे. शेवटी एक फुलदाणी येते, ती पण आधी पेरलेली, मिसेस रिचर्ड्सने जुन्या वस्तूंच्या दुकानातून विकत घेतलेली, आणि तिचे पंच्याऐंशी पाउंड चोरीला वगैरे गेलेच नव्हते, त्याच दुकानात राहिले होते, दुकानवाला माणूस फुलदाणी आणि पैसे घेऊन हॉटेलात येतो. शेवटची पाच मिनिटं मी सांगणार नाही, हिशोब तुम्ही करा. 75, 85, तो दहाचा फरक आणि फुलदाणीची किंमत, एवढं घेऊन बसा आणि बासिल कुठल्या क्षणी आयुष्यात पहिल्यांदा पुढे गेलाय असं त्याला वाटतं आणि ते कोणाच्या एका वाक्याने जातं ते लिहून काढा. हिशोब कागदावर पूर्ण जुळतो, आणि तो जुळतो म्हणूनच शेवट इतका लागतो.

दोन वेळा बघून झालं की मग पात्रांच्या यादीवर या, इथे मला या एपिसोडबद्दल जे खरं म्हणायचंय ते आहे. प्रत्येक पात्रासमोर एकच गोष्ट लिहा, निरोप या माणसापर्यंत पोचला तर त्याचं काय होतं? मिसेस रिचर्ड्सला ऐकू येत नाही. मॅन्युएलला ऐकू येतं पण कळत नाही. मेजरला ऐकू येतं, कळतं, पण राहत नाही. पॉलीला ऐकू येतं, कळतं, लक्षात राहतं, पण ती नोकर आहे आणि तिने शब्द दिलाय म्हणून बोलू शकत नाही. सिबिलला सगळंच ऐकू येतं, नको तेही. आणि बासिल, ज्याच्याकडे सगळं खरं आहे, त्याला ते सांगायची हिंमत नाही.

बघा म्हणजे किती नीट वाटणी केलीय! दोष सगळ्यांचे वेगळे, एक दोष दोघांना दिलेला नाही. मेजरच्या जागी अजून एक बहिरा माणूस असता तर एपिसोड अर्धा मेला असता. आपल्याकडच्या एकांकिकांमध्ये हेच होतं, तीन पात्रं वेंधळी असतात आणि तिघंही एकाच पद्धतीने वेंधळी असतात, मग प्रत्येक सीनमध्ये तोच विनोद नवीन कपडे घालून येतो. माणसं विनोदी नकोत, माणसांचे दोष वेगवेगळे हवेत, आणि एकाच निरोपाला सगळ्यांमधून जायला लावायचं.

आणि अजून एक. कुठल्याही क्षणी बासिलने एक वाक्य बोललं असतं, सिबिल, मी पाच मिनिटं मूर्खपणा केला, घोड्यावर पैसे लावले, तर सगळं तिथेच संपलं असतं. हे दार अर्धा तास उघडं आहे आणि तो त्या दारातून जात नाही. फार्स लिहिताना असं एक उघडं दार हवंच. पूर्ण कोंडी केली तर ती शोकांतिका होते, आपल्याला त्याची दया येते आणि हसू जातं. दार उघडं आहे आणि माणूस स्वतःच्या भीतीपोटी खिडकीतून उडी मारतोय, त्यावर हसू येतं.

तिसऱ्यांदा टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करून बघा. हे दिग्दर्शक आणि नट मंडळींनी तर नक्की करा. क्लीज सहा फूट पाच इंच उंच आहे आणि ती उंची तो सतत दुमडत असतो, काउंटरमागे, दारात, सिबिलसमोर. ती त्याच्यापेक्षा केवढी तरी बुटकी आणि जवळपास हलतच नाही. जो हलत नाही त्याच्याकडे सत्ता, हे आवाज बंद केल्यावर लगेच दिसतं, मिसेस रिचर्ड्स पण बघा, खांबासारखी उभी असते आणि बाकीचे तिच्याभोवती फिरतात. सेट पण बघून घ्या, रिसेप्शन, त्याच्यामागे ऑफिस, बाजूला जिना, एकीकडे जेवणाची खोली, एकीकडे बार. एक माणूस एका दारातून गेला की दुसरा दुसरीकडून येतो, आणि हे सगळं स्टुडिओत समोर बसलेल्या प्रेक्षकांपुढे रेकॉर्ड केलेलं आहे, म्हणजे जवळपास नाटकच. दुसऱ्या सिरीजचा दिग्दर्शक बॉब स्पायर्स. त्यामुळे आपल्या रंगमंचासाठी यातलं जवळजवळ सगळं जसंच्या तसं वापरता येतं, 2024 मध्ये लंडनच्या अपोलो थिएटरमध्ये क्लीजने याचं नाटक आणलं त्यात निवडलेल्या तीन भागांत हा भाग होता. आणि फार्स आपल्याला नवीन नाही, बबन प्रभूंनी मराठी रंगभूमीवर तो किती ताकदीने उभा केला हे ज्यांनी वाचलंय बघितलंय त्यांना हे दारांचं गणित ओळखीचं वाटेल.

सगळं एकाच जागी का, यावर एक किस्सा सांगण्यासारखा आहे. मालिका येण्याआधी बीबीसीतल्या एका वाचकाने स्क्रिप्ट वाचून अगदी टाकाऊ आहे असा शेरा दिला होता, आणि तिथल्या एका वरिष्ठ माणसाने क्लीजला सुचवलं की सगळं हॉटेलातच नको, पात्रांना बाहेर काढा. क्लीजचं म्हणणं उलटं होतं, हॉटेलातच तर प्रेशर कुकरसारखा दाब वाढतो. हे मला शंभर टक्के पटतं. आपल्या लिखाणात जरा अडकलं की आपण पात्राला गॅलरीत नाहीतर रस्त्यावर पाठवतो, फोनवर बोलायला लावतो, आणि वाफ निघून जाते. नका पाठवू. जागा एक, आणि तिथून कोणालाही सहज जाता येणार नाही असं कारण द्या. इथे कारण आयतंच आहे, मालकाला स्वतःचं हॉटेल सोडून जाता येत नाही आणि पाहुण्याने पैसे भरलेत.

आता स्वतःचं लिहायला घ्या. क्लीज आणि बूथ एकेका भागावर साधारण दीड महिना घालवायचे आणि त्यातला बराचसा वेळ नुसतं कथानक जुळवण्यात जायचा, संवाद शेवटी. स्क्रिप्ट पण तेव्हाच्या अर्ध्या तासाच्या नेहमीच्या स्क्रिप्टच्या जवळपास दुप्पट जाड असायची, इतकं त्यात भरलेलं. तेव्हा पहिले काही दिवस एकही डायलॉग लिहायचा नाही, अगदी सुचला तरी बाजूच्या पानावर टाकून द्यायचा. आधी एक वस्तू निवडा जी हातातून हातात जाईल. पैसे नकोत, ते या लोकांनी करून झालंय. किल्ली चालेल, रिपोर्ट चालेल, एखादं पार्सल, लग्नाच्या हॉलची पावती. मग एक माणूस ज्याच्यापासून ती लपवायचीय, आणि लपवायचं कारण छोटं ठेवा, इतकं छोटं की कबूल केलं तर पाच मिनिटं बोलणी खाऊन विषय संपेल. मग चार माणसं ज्यांच्यातून ती वस्तू जाणार, प्रत्येकाचा दोष वेगळा. एकाला अर्धवट ऐकायची सवय, एक अति प्रामाणिक, एकाला गुपित सांभाळल्याचा इतका आनंद होतो की चेहऱ्यावर दिसतं, एक जण सगळ्याचा अर्थ स्वतःबद्दलच काढतो. आणि एक माणूस शहाणा ठेवा, पॉलीसारखा. हा माणूस फार महत्त्वाचा, तो नसेल तर प्रेक्षकाला उभं राहायला जागाच राहत नाही, सगळेच वेडे असले की वेड दिसत नाही.

मग तोच तीन रकान्यांचा तक्ता, या वेळी तुमच्या गोष्टीचा, भिंतीवर लावा. प्रत्येक ओळीला स्वतःला विचारा की हे आधीच्या ओळीमुळे झालं का? नुसतं ‘आणि मग’ असेल तर खोडा, ‘म्हणून’ असेल तरच ठेवा. बासिलला सिबिलची भीती म्हणून मॅन्युएलला पाठवलं, मॅन्युएलला पाठवलं म्हणून गप्प राहायला सांगितलं, गप्प राहायला सांगितलं म्हणून शेवटी साक्षीदार गेला. एक कडी काढून बघा, सगळं खाली येतं. तुमच्या तक्त्यातली एखादी ओळ काढली आणि काहीच झालं नाही, तर ती ओळ कितीही हसवणारी असली तरी जाऊ द्या.

एका बाबतीत मात्र जरा जपून. ऐकू न येणाऱ्या बाईची आणि भाषा न येणाऱ्या माणसाची थट्टा आहे यात, आणि ती नुसती उचलली तर आपल्या हातात फक्त क्रूरपणा येईल. लेखकांनी काय केलंय ते बारकाईने बघा, मिसेस रिचर्ड्सवर हसू येतं ते तिला ऐकू येत नाही म्हणून येत नाही, बॅटरी वाचवायला मशीन बंद ठेवून ती जगाला ओरडायला लावते म्हणून येतं. तो निर्णय तिचा आहे. मॅन्युएल एपिसोडमध्ये सर्वात मनापासून काम करणारा माणूस आहे, त्याने आज्ञा शब्दशः पाळली, मूर्ख ठरतो तो बासिल. तरीही बासिल मॅन्युएलला जे फटके मारतो ते मला आज बघवत नाहीत, आणि ते आपल्या एकांकिकेत घ्यायची काही गरज नाही. तुमच्या पात्राच्या दोषावर हसू आणताना एवढंच बघा की तो दोष त्याने निवडलेला आहे का, निवडलेला असेल तर बिनधास्त हाणा, जन्माने किंवा परिस्थितीने मिळालेला असेल तर विनोदाचं तोंड त्याच्याशी वाईट वागणाऱ्याकडे वळवा.

डायलॉग शेवटी, आणि डायलॉग लिहिताना समुद्र दिसत नाही म्हणणारा सीन परत बघा. खिडकीतून टॉर्की दिसतंय म्हणून बाई तक्रार करते आणि बासिल विचारतो की टॉर्कीच्या हॉटेलच्या खिडकीतून अजून काय दिसायला हवं होतं, आणि यादी सुरू करतो, सिडनीचं ऑपेरा हाऊस, बॅबिलोनच्या झुलत्या बागा, मैदानातून धावणारे रानटी प्राण्यांचे कळप. मालिकेतला बहुतेक सर्वात जास्त सांगितला जाणारा तुकडा हाच. पण तो एपिसोडमध्ये कुठे ठेवलाय बघा, सुरुवातीला, गोष्ट अजून तापायची असताना. भाषेची आतषबाजी तिथे परवडते. शेवटच्या दहा मिनिटांत वाक्यं एकदम छोटी होतात, कुठले पैसे, माझे पैसे, मला काही माहीत नाही, आणि हशा मात्र दुप्पट, कारण तेव्हा हसवायचं काम गोष्ट करत असते. तुमच्या स्क्रिप्टच्या शेवटच्या चार पानांत लांबलचक चमकदार वाक्य दिसलं तर ते उचलून पहिल्या चार पानांत जागा आहे का बघा.

पहिला खर्डा झाला की मोठ्याने वाचून घ्या, पण पात्रांना त्यांच्या भूमिकेपलीकडचं काही सांगू नका, मेजरचं काम करणाऱ्याला शेवट माहीत नसला तर फार छान वाचतो. आणि इतकं सगळं करून झालं की मग ‘द किपर अँड द कॉर्प्स’ बघा, तो पण 1979 चाच. त्यात हातातून हातात जाते ती वस्तू म्हणजे रात्री झोपेत वारलेला एक पाहुणा आहे, वहीत तेच तीन रकाने पाडा, पहिल्या रकान्यात पैशांच्या ऐवजी मृतदेह आत्ता कुठल्या खोलीत आहे ते लिहा, आणि या वेळी पहिल्याच बघण्यात लिहायचा प्रयत्न करा.